घड्याळजीची नक्कल

काकांनी घड्याळजीचं काम करायला सोमवारी संध्याकाळी साफ नकार दिला आणि मंगळवारी सकाळच्या चहापर्यंत घरात त्या नकाराची दोन कारणं तयार झाली. काका स्वतः एवढंच म्हणाले होते, की त्या माणसाचं काम मी करणार नाही. त्यानंतर ते खाली गोदामात जाऊन मनोरा रंगवत बसले होते.

नाटक येत्या रविवारी होतं. गावातलं नाट्यगृह तीन वर्षं दुरुस्तीसाठी बंद होतं. ते उघडताना पहिला पडदा 'बिनचूक'वरच उघडायचा, यावर कुणाचं दुमत नव्हतं. आप्पांनी लिहिलेलं ते नाटक, आणि ह्याच घरानं ते चौतीस वर्षं केलेलं. घड्याळजी व्हायचे आप्पांचे थोरले चिरंजीव, दादा. गावाच्या मनोऱ्यावर घड्याळ बसवणारा, सगळ्यांचं भलं करणारा नायक. त्याच्या वाटेत काटे पेरणारा म्हातारा घंटेवाला व्हायचे त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे काका. चार महिन्यांपूर्वी दादांना झटका आला, उजवा हात आणि अर्धी जीभ गेली. त्यानंतर दादांनी घरच्यांकडे एकच गोष्ट मागितली होती. मला ते नाटक एकदा समोरून बघायचंय. चौतीस वर्षं ते त्या नाटकाच्या आत होते, समोर कधी बसले नव्हते.

घंटेवाला आत्यांच्या मुलानं पाठ केला होता. शाळेत शिकवणारा माणूस, त्याला पाठांतराचं भय नव्हतं. पण घड्याळजीची नक्कल, म्हणजे त्याच्या वाट्याच्या संवादांची वही, चाळीस पानांची, ती पाच दिवसांत उभी करणारा काकांशिवाय कोण होता? काका नाही म्हणत असतील तर पडदा उघडणार नव्हता. दादांना पुन्हा असा योग येईल, असं डॉक्टरसुद्धा म्हणत नव्हते.

तालमीच्या खोलीत सगळे जमले होते. दादा खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत. आत्या पेट्यांच्या मध्ये फतकल मारून डगल्याची शिवण उसवत होत्या. तोंडात टाचण्या धरून बोलण्यात आत्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांचं कारण सरळ होतं. छोट्या भाव खातोय. जन्मभर खलनायक केला, प्रेक्षकांनी टाळ्या दादाला दिल्या आणि ह्याला शिव्या, ते त्यानं मनात धरून ठेवलंय, आणि आता पाळी आल्यावर वचपा काढतोय. दादांनी मान हलवली. त्यांचं कारण वेगळं होतं आणि ते सांगायला त्यांना बराच वेळ लागला. धाकट्याची जीभ लहानपणी अडायची. प आणि ब आले की तो दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा थांबायचा. चाळीस पानांना तो घाबरला असणार. त्याला त्रास देऊ नका, खेळ रद्द करा, असं दादांचं म्हणणं होतं.

ज्याच्यासाठी एवढी धडपड चालली होती तोच खेळ रद्द करा म्हणत होता. आत्यांनी टाचण्या थुंकल्या आणि दादाचा हा चांगुलपणाच एक दिवस आपल्या सगळ्यांना भोवणार आहे, असं ऐकवलं. वहिनींनी मात्र तोंडात मिठाची गुळणी धरली होती. दादांच्या बायकोची ह्या घरातली जागा विंगेत होती, मांडीवर नाटकाची मूळ वही घेऊन, अडलेल्याला शब्द पुरवायला. अडल्याशिवाय बोलायचं नाही, ही सवय त्यांना घरातही लागली होती.

थोरली, म्हणजे दादांची मुलगी, आता नाटक बसवायची. तिला ह्या दोन्ही कारणांमधलं एकही पटेना. भाव खाणारा माणूस रात्रंदिवस त्याच नाटकाचा मनोरा रंगवत बसतो का? आणि घाबरलेला माणूस 'मला जमणार नाही' म्हणतो. काका तसं म्हणाले नव्हते. ते म्हणाले होते, त्या माणसाचं काम. हा 'त्या' तिच्या डोक्यातून जाईना. ती उठून जिना उतरली.

गोदामात मनोऱ्याचा पडदा दोन लाकडी घोड्यांवर आडवा टाकला होता आणि काका त्याच्या विटा एकेक करून उजळत होते. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्यांचा पोटाचा धंदा. त्यामुळे त्यांच्या विटांच्या कडा अक्षरांसारख्या वळणदार यायच्या.

"काका, का नाही म्हणताय? खरं सांगा."

काकांनी कुंचला डब्याच्या काठावर निपटला. "वाईट माणूस आहे तो."

"कोण, दादा?"

"घड्याळजी."

थोरलीला हसू आलं. मग काका हसत नाहीत हे तिच्या लक्षात आलं आणि ती उलट्या डब्यावर बसली. हे काहीतरी नवीन होतं, आणि नवीन ऐकायला मिळालं की तिची भूक-तहान हरपायची.

काका एरवी चार शब्दांच्या वर जात नसत. त्या दिवशी मात्र त्यांनी सगळं नाटक सांगितलं, घंटेवाल्याच्या बाजूनं. एक माणूस असतो. त्याच्या बापापासून गावाला वेळ सांगायचं काम त्याच्याकडे. सूर्य बघतो, सावली बघतो, घंटा देतो. एखाद्या घरी बाळंतीण अडली असेल, डॉक्टर नदीपलीकडे असेल, तर वेशीचं दार बंद करायची घंटा तो जरा उशिरा देतो. गावाला ते ठाऊक असतं, आणि कुणी त्याला चुकला म्हणत नाही. एके दिवशी एक परका माणूस पेटी घेऊन येतो. हा जेवत असताना न विचारता मनोऱ्यावर चढतो, फीत लावून मोजमापं घेतो. वर हसतो. दुसऱ्या अंकात ह्याच्या कमरेची किल्ली काढून नेतो. तिसऱ्यात ह्याला जुना डगला पाठवतो, भिकाऱ्याला पाठवावा तसा. आणि ह्यानं चिडून लंबक मोडला, तर सगळ्या गावाला गोळा करून म्हणतो, मी तुला क्षमा केली.

"मी मागितली होती का?" काका म्हणाले.

थोरलीनं तोंडावर हात ठेवला. तिला सगळं नाटक पाठ होतं, आणि काकांनी सांगितलेल्या एकाही गोष्टीत खोट नव्हती. सगळं तसंच घडत होतं. फक्त तिनं ते ह्या खिडकीतून कधी पाहिलं नव्हतं.

"पण काका, किल्ली तो मोठी मूठ बसवायला नेतो. घंटेवाल्याचे हात थरथरतात म्हणून. आणि डगला वर वारा लागतो म्हणून. घड्याळाला किल्ली द्यायचं काम मरेपर्यंत घंटेवाल्याकडेच ठेवा, असं तो पंचांकडून कबूलही करून घेतो."

"कोण म्हणतं?"

"तोच म्हणतो. तिसरा अंक, दुसरा प्रवेश. एकटाच असतो तेव्हा."

काकांनी थोडा विचार केला. "तेव्हा मी शिडीवर असतो," ते म्हणाले.

घंटेवाल्याला तिसऱ्या अंकाच्या मध्यावर मनोऱ्याच्या टोकाशी एकदम दिसायचं असे. म्हणून काका दुसऱ्या अंकाच्या शेवटीच पडद्यामागच्या शिडीवर चढून बसत. घंटा खरी, पितळेची, कानापासून वीतभर अंतरावर. तिच्या घणाघातानं बहिरं होऊ नये म्हणून काका वर जातानाच दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालत. तालमीत तो प्रवेश चालू असताना ते मनोरा रंगवत. आणि वाचायचं म्हणाल, तर आप्पांच्या कंपनीत पूर्ण नाटक नटाच्या हाती कधी दिलं जात नसे. ज्याची त्याला नक्कल. स्वतःची वाक्यं काळ्या शाईनं, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी समोरच्याचे शेवटचे तीन शब्द लाल शाईनं, कधी बोलायचं ते कळावं एवढ्यापुरते. काकांची नक्कल अकरा पानांची होती. त्या अकरा पानांत घड्याळजी सगळा मिळून लाल शाईचे तीन-तीन शब्द होता, आणि त्या तीन शब्दांत तो बहुतेक वेळा हसत तरी होता किंवा हुकूम तरी सोडत होता.

थोरली वर आली आणि तिनं हे सांगितलं तेव्हा आत्या इतक्या हसल्या, की त्यांना डगला बाजूला ठेवावा लागला. म्हणजे चौतीस वर्षं ह्यानं दादाला पाण्यात पाहिलं, आणि तेही कानात कापूस घातल्यामुळे, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. दादासुद्धा अर्ध्या तोंडानं हसले. खोलीतली हवा एकदम हलकी झाली. आता काय, वही दाखवली की काम फत्ते, असं आत्यांनी जाहीरही केलं. सकाळपासून काकांवर तोफा डागणाऱ्या आत्या आता त्यांच्या बाजूनं होत्या, कारण ज्याच्यावर मनसोक्त हसता येतं त्याच्यावर आत्यांना रागावता येत नसे.

वहिनी हसल्या नाहीत. त्यांना हसू येत होतं, पण त्यांना पुढचं पान माहीत होतं.

"भाऊजींनी ह्यांची नक्कल वाचली नाही, हे खरं," त्या म्हणाल्या. "पण ह्यांनी तरी भाऊजींची कुठे वाचली होती?"

त्यांनी वही उघडून खुर्चीच्या हातावर ठेवली. तिसऱ्या अंकात, घंटेवाला मनोऱ्यावर एकटा असताना, दोन अख्खी पानं निळ्या पेन्सिलीनं खोडली होती. रेघा अशा गच्च मारल्या होत्या, की खालचं अक्षर लागत नव्हतं. आत्या वाकून म्हणाल्या, की हे तर आप्पांनी कापलं होतं, पहिल्या प्रयोगाला चार दिवस असताना, नाटक लांबतंय म्हणून. घरात सगळ्यांना तेच ठाऊक होतं. वहिनींना मात्र आप्पा हिरव्या पेन्सिलीनं कापत हे ठाऊक होतं. लग्न होऊन आठ महिने झाले होते तेव्हा, आणि नव्या सुनेनं पेन्सिलींच्या रंगाबद्दल बोलायची ती वेळ नव्हती. पुढे ती वेळ कधी आलीच नाही. ह्याची त्यांना स्वतःचीच चीड येत असे.

दादांनी वहीकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर.

"मी," ते म्हणाले. "मीच... आप्पांना सांगितलं."

बाकीचं त्यांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, आणि जिथे शब्द सापडेना तिथे वहिनींनी पुरवला. दोन पानांचं भाषण होतं ते. त्यांनी त्यातले प आणि ब मोजले होते. एक्केचाळीस. धाकटा एक्केचाळीस वेळा अडेल, आठशे माणसं त्याला हसतील, आणि मग तो पुन्हा कधी रंगमंचावर पाय ठेवणार नाही, ह्या कल्पनेनं त्यांना तीन दिवस झोप लागली नव्हती. म्हणून आप्पांना सांगून त्यांनी स्वतःच्याच निळ्या पेन्सिलीनं ते कापलं. त्याला सांगितलं असतं तर त्याच्या मनाला लागलं असतं, म्हणून सांगितलंही नाही. हे सांगताना दादांचा चेहरा अगदी मोकळा होता. चौतीस वर्षांत आपण धाकट्यासाठी जी काही चांगली कामं केली, त्यातलं हे सगळ्यात चांगलं, असंच ते मनात धरून होते.

आत्यांनी पुन्हा हातात घेतलेला डगला खाली ठेवला.

कारण आत्यांनाही त्या आठवड्यातलं काही आठवत होतं. गोदामात पेट्यांमागे बसून त्या घंटेवाल्याच्या डगल्याला अस्तर लावत होत्या. छोट्याला त्या तिथे आहेत हे माहीत नव्हतं. त्यानं ते भाषण सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हटलं. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा. घंटेच्या दोन टोल्यांमध्ये जेवढा वेळ जातो तेवढाच श्वास घ्यायचा, अशी काहीतरी युक्ती त्यानं स्वतःच शोधून काढली होती, दोन महिने खपून. आत्यांच्या हातातून तेव्हा दोरा निसटला होता. उद्या सगळ्यांना सांगू, असं त्यांनी ठरवलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी भाषण कापल्याचं कळलं.

"तो अडला नव्हता, दादा," आत्या म्हणाल्या. "एकदासुद्धा नाही. मी ऐकलंय."

दादांना काही बोलायचं असावं, पण वहिनींनीही ह्या वेळी शब्द पुरवला नाही. त्यांनी वही उचलली आणि त्या जिना उतरू लागल्या. ती वही त्यांच्या हातातून दुसऱ्या कुणाच्या हातात चौतीस वर्षांत गेली नव्हती, म्हणून आत्या आणि थोरलीही मागोमाग निघाल्या, काही बघायचं राहून जाऊ नये म्हणून.

काकांनी हात रॉकेलनं पुसले, मग साबणानं धुतले, मग वही घेतली. सबंध वाचायला त्यांना तासभर लागला. वहिनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. प्रेक्षकांचे चेहरे त्यांना विंगेतून कधी दिसले नव्हते. नाटक पहिल्यांदा कळणारा माणूस कसा दिसतो, ते त्या आज बघत होत्या. किल्लीपाशी काका थांबले आणि पान मागे उलटून पुन्हा वाचलं. डगल्यापाशी त्यांनी नाक ओढलं. पंचांच्या प्रवेशात त्यांचे ओठ हलायला लागले.

"हे सगळं तो कुणाला सांगतो?" त्यांनी विचारलं.

"प्रेक्षकांना," थोरली म्हणाली.

"दर खेळाला आठशे माणसांना सांगायचा. मला सोडून."

मग काका निळ्या पानांवर आले. त्यांनी बोट रेघांवरून फिरवलं आणि काही न विचारता वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी सरळ सांगून टाकलं, कुणी कापलं ते, आणि का ते. एक्केचाळीसचा आकडासुद्धा सांगितला. काकांनी वही मिटली. त्यांना राग आला होता, आणि रागाहून जास्त नवल वाटत होतं. इतकी वर्षं ते मनात समजत होते, की लांबीचं नुसतं निमित्त, दादाला ते भाषण खुपलं. मोठ्या टाळ्या धाकट्याला पडतील म्हणून खुपलं. तो मत्सर त्यांनी मनातल्या मनात किती वेळा माफ केला होता आणि किती वेळा नाही. आणि तिथे मत्सर नव्हताच. होती ती काळजी. मत्सराशी भांडता तरी आलं असतं.

ते वर गेले. दादांची चाळीस पानांची नक्कल बाकावर पडली होती, ती घेतली आणि दादांच्या समोर उभे राहिले.

"दादा, तू घंटेवाला हो. काही बोलू नकोस. नुसता बस."

दादांनी चौतीस वर्षं घड्याळजीचं जे स्वगत प्रेक्षागृहाच्या काळोखाकडे तोंड करून म्हटलं, ते काका आता त्यांच्या तोंडाकडे बघून वाचू लागले. आवाज चढवला नाही, हातवारे केले नाहीत.

"त्याचे हात थरथरतात. किल्ली मी नेली, ती तिला मोठी मूठ बसवायला. डगला पाठवला, तो वर वारा लागतो म्हणून. त्याला हे कळू देऊ नका. मानी माणूस आहे, कळलं तर नाही म्हणेल. म्हणून मी त्याला विचारत नाही. त्याचं भलं मी त्याच्या नकळत करीन, आणि त्यानं मला शिव्या दिल्या तर त्या मी—"

"का नाही विचारत?" दादा म्हणाले.

सगळे चमकले. चार महिन्यांत दादांच्या तोंडून तीन शब्द एका दमात आले नव्हते. त्यांचा डावा हात छातीवर होता. तिथे आत्यांनी सदऱ्याची बटणं काढून चिकटपट्ट्या लावल्या होत्या, चार महिन्यांपूर्वी, त्यांना सोपं जावं म्हणून. खुर्ची कुठे ठेवायची, चहा किती गार करायचा, झोपायचं कधी, हे सगळं सगळ्यांनी प्रेमानं ठरवलं होतं आणि दादांनी ते गिळलं होतं.

"माझे हात आहेत ना ते?" दादा म्हणाले. "मग मला विचारा की."

वहिनींचं बोट सवयीनं वहीवर गेलं होतं. असं वाक्य तिथे नव्हतं. आत्या चिकटपट्ट्यांकडे बघत होत्या आणि त्यांना रडू आवरत नव्हतं.

बोलून झाल्यावर दादांनी स्वतःचंच वाक्य ऐकलं असावं. त्यांचा चेहरा उतरला. ते धाकट्याकडे बघू लागले, आणि काकांनीही नजर हलवली नाही.

"रविवारी मी करतो," काका म्हणाले. "आता कळला मला हा माणूस. वाईट नाही तो. विचारत नाही कुणाला, एवढंच."

थोरलीनं सुटकेचा श्वास टाकला आणि तालमीच्या वेळा लिहायला कागद शोधू लागली. पण दादांचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं आणि ते सापडत नव्हतं. वहिनी पुढे झाल्या, तर त्यांनी हातानं त्यांना थांबवलं.

"त्यात... काय होतं रे?"

"कशात?"

"कापलं त्यात. मी वाचलं नव्हतं." दादांनी दम घेतला. "नुसतं मोजलं."

काकांनी नक्कल बाकावर ठेवली, कोपऱ्यातलं स्टूल पायानं ओढून खुर्चीपाशी आणलं आणि गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ बसले.

"मोठं आहे," ते म्हणाले.

"असू दे," दादा म्हणाले. "मला कुठे जायचंय."